प्रयोग आणि लौकिक : माळेगाव परिसरातील अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची वाटचाल

शेतीचे नवे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या संस्थेला, म्हणजे कृषिशास्त्राच्या परिभाषेत विस्तारसंस्थेला, परस्परांना ताण देणाऱ्या दोन गरजा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. बाजार, हवामान, वाण आणि यंत्रे बदलत असताना ती जुन्याच शिफारशी देत राहिली, तर शेतकरी तिच्याकडे येणे थांबवतो. आणि प्रत्येक नव्या गोष्टीची तिने घाईने शिफारस केली, तर त्यातील एखादी फसताच अनेक वर्षांत मिळवलेला विश्वास एका हंगामात गमावला जातो. बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक आणि माळेगाव खुर्द या जोडगावांच्या परिसरात, शारदानगर येथे वाढलेल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या दृष्टीने पाहिला, तर पाझर तलावापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंतच्या तिच्या कार्यातील धागा स्पष्ट होतो.

कालव्याने विभागलेला तालुका

या संस्थेचे कार्य समजून घेण्यासाठी तिच्या भूमीची घडण आधी लक्षात घ्यावी लागते. बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील तालुके असून तेथील वार्षिक पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा असतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये संरक्षक पाटबंधाऱ्यांना जी चालना मिळाली, तिच्यातून १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाच्या पाण्याने त्याला आधार दिला. हे धरण पुढे १९२० च्या दशकात अधिक उंचीने नव्याने बांधण्यात आले. कालव्याचे पाणी ज्या शिवारात पोहोचले तो भाग बागायत झाला, आणि जिथे ते पोहोचू शकले नाही तो भाग जिरायत, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून राहिला. एकाच तालुक्याचे असे दोन भाग पडल्यामुळे या परिसरातील कोणत्याही कृषिसंस्थेला दोन वेगळ्या शेतकऱ्यांशी दोन वेगळ्या भाषांत बोलावे लागते.

माळेगाव बुद्रुक हे बागायत पट्ट्यातील गाव होय. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत राबवली. तीत ठरावीक क्षेत्राला कराराने काही वर्षांसाठी पाण्याची हमी दिली जाई आणि त्या क्षेत्राच्या मर्यादित हिश्श्यातच ऊस घेऊन उरलेल्या जमिनीवर इतर पिकांची फेरपालट करणे अपेक्षित असे. पाण्याचे वाटप अधिकाधिक जमिनीवर व्हावे आणि उसाच्या सततच्या भरणाने जमीन पाणथळ होऊ नये, असा दुहेरी विचार त्यामागे होता. पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा खासगी कारखाना आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथील सहकारी कारखाने उभे राहिले, तेव्हा उसाला हक्काचा ग्राहक मिळाला आणि फेरपालटीचा तो संयम हळूहळू सुटत गेला. सहकारी साखर कारखान्याने माळेगावला समृद्धी आणि सार्वजनिक जीवनाची शिस्त दिली; त्याच वेळी अतिपाण्यामुळे क्षारपड, म्हणजे पृष्ठभागावर क्षार साचून नापीक होत जाणाऱ्या जमिनीचा प्रश्नही याच पट्ट्यात वाढत राहिला. पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक या दोन्ही टोकांचा अभ्यास एकाच परिसरात करणे भाग पडावे, अशी ही भूमी होती.

पाझर तलावांपासून न्यासापर्यंत

ट्रस्टचा उगम बागायत पट्ट्याच्या वैभवात नसून जिरायत गावांच्या टंचाईत आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अवर्षणाच्या काळात, १९६७ मध्ये बारामतीतून प्रथम विधानसभेवर गेलेले शरद पवार आणि त्यांचे वडील बंधू, शेतीतज्ज्ञ दिनकरराव ऊर्फ आप्पासाहेब पवार यांनी स्थानिक कार्यकर्त्यांच्या साहाय्याने पाझर तलावांची कामे हाती घेतली. पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेले असे पाणी, जे पाटाने शेतात न नेता जमिनीत मुरू दिले जाते आणि परिसरातील विहिरींच्या वाढलेल्या पातळीच्या रूपाने शेतकऱ्याला मिळते. या कामांवर राबणाऱ्या कुटुंबांना मजुरीच्या बदल्यात धान्य देण्यासाठी चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अ‍ॅक्शन, म्हणजेच कासा या ख्रिस्ती मदतसंस्थेचे सहकार्य मिळाले.

या कामांना कायमस्वरूपी संघटनेचा आधार हवा, या जाणिवेतून आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि लगेचच १९७२ च्या महादुष्काळाने महाराष्ट्राला ग्रासले. रोजगाराची हमी हा राज्याच्या धोरणाचा विषय बनला तो याच दुष्काळातून, आणि त्या हमीला १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले. नव्याने स्थापन झालेल्या न्यासाच्या दृष्टीने या काळाचे महत्त्व असे की, लोकांचा विश्वास त्याला कोणत्याही प्रचाराआधी डोळ्यांना दिसणाऱ्या कामातून मिळाला. विहिरीचे पाणी वाढले की नाही, हे गावातील प्रत्येकाला स्वतः पाहता येत असल्यामुळे संस्थेच्या दाव्याची तपासणी गाव स्वतःच करू शकत होते. पुढील काळात संस्थेने ज्या ज्या नव्या विषयात प्रवेश केला, त्या प्रत्येकाची शेतकऱ्यांनी केलेली पारख याच मापाने झालेली दिसते.

फळबाग, ठिबक आणि कृषी विज्ञान केंद्र

मुरवलेले पाणी थोडे असल्याने ते काटकसरीने वापरणे हा पुढचा स्वाभाविक टप्पा होता. पाटाने पाणी देण्याऐवजी नळ्यांतून पिकाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देण्याची ठिबक सिंचन पद्धत इस्रायलमध्ये विकसित झाली होती. तिचा आणि तेथील काटेकोर शेतीचा आप्पासाहेब पवार यांनी बारामती परिसरात सातत्याने पुरस्कार केला. १९९० मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, त्यामुळे पडीक व हलक्या जमिनींवर डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा यांसारखी झाडे लावण्याला राज्यभर मोठी चालना मिळाली. या धोरणाने रोपांची, छाटणीच्या कौशल्याची आणि पाणी-खत व्यवस्थापनाच्या सल्ल्याची अशी मागणी निर्माण केली, की केवळ सेवाभावी कार्यकर्त्यांच्या बळावर ती पुरी होणे अशक्य होते. प्रशिक्षित शास्त्रज्ञांचा कायम गट आवश्यक झाला.

ही गरज कृषी विज्ञान केंद्राच्या रूपाने पूर्ण झाली. कृषी विज्ञान केंद्र ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जिल्हा पातळीवरील योजना असून, मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशींनंतर देशातील पहिले केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. अशी केंद्रे काही ठिकाणी कृषी विद्यापीठांकडे, काही ठिकाणी परिषदेच्या संशोधन संस्थांकडे, तर काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थांकडे सोपवली जातात. पुणे जिल्ह्यातील दोन्ही केंद्रे, म्हणजे जुन्नर तालुक्यातील ग्रामोन्नती मंडळाचे नारायणगाव केंद्र आणि १९९२ मध्ये ट्रस्टकडे आलेले बारामती केंद्र, या तिसऱ्या प्रकारची आहेत. या व्यवस्थेत शास्त्रज्ञांची पदे, त्यांचे वेतन आणि कामाचा आराखडा परिषदेच्या निकषांनुसार ठरतो, तर जमीन व व्यवस्थापन यजमान संस्था पुरवते. स्वयंसेवी संस्थेची लवचीकता आणि राष्ट्रीय संशोधन यंत्रणेची शिस्त एकत्र आणणारी ही रचना ट्रस्टच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक वळण ठरली, कारण तिच्यामुळे संस्थेच्या सल्ल्याला बाहेरच्या परीक्षकांची नजर कायमची लाभली.

शिफारशीपूर्वीची परीक्षा

कृषी विज्ञान केंद्राची कार्यपद्धती वरवर पाहता प्रशासकीय वाटते, परंतु विस्तारसंस्थेचा लौकिक प्रत्यक्षात तीच राखते. नवे वाण, खत किंवा औषध थेट शिफारशीत येत नाही. प्रथम शेतावरील चाचणी घेतली जाते, जिच्यात मोजक्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर त्यांची रूढ पद्धत आणि पर्यायी तंत्र शेजारी शेजारी ठेवून उत्पादन, खर्च आणि अडचणी नोंदवल्या जातात. जे तंत्र या चाचणीत टिकते, तेच पुढे आद्यरेषीय प्रात्यक्षिकात, म्हणजे शास्त्रज्ञांच्या थेट देखरेखीखाली पण शेतकऱ्याच्याच हातून केलेल्या पिकात दाखवले जाते. शेतकरी, कृषी विभाग, बँका आणि संशोधन संस्था यांच्या प्रतिनिधींची शास्त्रीय सल्लागार समिती या कामाचा आढावा घेते. या क्रमाला वेळ लागतो, आणि बाजारात एखादे उत्पादन जोरात विकले जात असताना केंद्राने ‘अजून चाचणी चालू आहे’ असे सांगणे अनेकांना मागासलेपणाचे वाटते. तथापि कंपनीचा विक्रेता आणि विस्तारसंस्था यांच्यातील फरक नेमका याच वाक्यात असतो.

दैनंदिन सेवांमध्ये या शिस्तीची कसोटी अधिक कठोर असते. माती परीक्षणाच्या अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये यांचे आकडे असतात. ते चुकले तर शेतकरी अनावश्यक खतावर पैसा घालवतो किंवा चोपण, म्हणजे सोडियम वाढून निचरा बिघडू लागलेल्या जमिनीला चुकीचा उपचार करतो. रोपवाटिकेतील चूक आणखी उशिरा उघड होते, कारण डाळिंबाच्या किंवा आंब्याच्या कलमाचा खरा वाण फळ लागल्यावरच कळतो, आणि तोवर शेतकऱ्याची कित्येक वर्षे गुंतलेली असतात. बारामती-इंदापूरसह महाराष्ट्रातील डाळिंब पट्ट्याला तेल्या या जिवाणूजन्य करपा रोगाने जबर तडाखा दिला, तेव्हा रोगट कलमांतून हा रोग नव्या बागांत पोहोचतो हे स्पष्ट झाले, आणि निरोगी मातृवृक्षापासून केलेल्या कलमाचे मोल किमतीपेक्षा किती मोठे असते याची जाणीव सर्वांना झाली. भाजीपाल्याच्या क्षेत्रात नेदरलँड्सच्या सहकार्याने शारदानगर येथे उभारलेल्या भारत-डच भाजीपाला गुणवत्ता केंद्रात संरक्षित लागवड आणि निरोगी रोपांची निर्मिती यांवर जो भर दिला गेला, त्याचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

बदलते संकट, बदलता सल्ला

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून संकटांचा वेग वाढला. २००२ मध्ये सांगली भागात आढळलेला लोकरी मावा पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात झपाट्याने पसरला. उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखा थर करून रस शोषणाऱ्या या किडीवर सरसकट फवारणी करणे उंच वाढलेल्या उसात अवघड आणि खर्चिक होते, शिवाय तिच्यामुळे मित्रकीटकही मरत होते. अखेर डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी, म्हणजे माव्यावर जगणाऱ्या कीटकांचा प्रसार हाच टिकाऊ उपाय ठरला. २०१८ मध्ये भारतात शिरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने, दुभत्या जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि मुरघासासाठी मोठ्या प्रमाणावर मका पिकवणाऱ्या याच भागापुढे पुन्हा तसाच प्रश्न उभा केला. अशा प्रसंगी ‘आज काय फवारू?’ या शेतकऱ्याच्या प्रश्नाला ‘आधी किती झाडांवर प्रादुर्भाव आहे ते मोजा’ असे उत्तर देणाऱ्या संस्थेला थोडा काळ अप्रियता पत्करावी लागते, परंतु हंगामाअखेर हिशेब मांडताना हाच सल्ला शेतकऱ्याचा खर्च वाचवतो.

हवामानबदलाच्या प्रश्नालाही संस्थात्मक रूप मिळाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ मध्ये सुरू केलेल्या हवामान-अनुकूल शेतीच्या राष्ट्रीय उपक्रमात, म्हणजे निक्रामध्ये, बारामती केंद्राचा समावेश झाला. आणि त्याआधी २००९ मध्ये माळेगाव खुर्द येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली होती. अजैविक ताण म्हणजे कीड-रोगांखेरीज दुष्काळ, उष्णता, क्षारता, मुरमाड जमीन यांमुळे पिकावर येणारा ताण होय, आणि खडकाळ माळावर उभारलेली ही संस्था त्याच विषयाला वाहिलेली असून उथळ जमिनीवरील ड्रॅगन फ्रूट लागवडीच्या संशोधनामुळे ती शेतकऱ्यांना विशेष परिचित झाली. मूलभूत संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आणि ते संशोधन बांधावर पारखणारे केंद्र इतक्या जवळ असणे, हे माळेगाव परिसराचे दुर्मीळ वैशिष्ट्य आहे.

प्रसिद्धीचा भार

लौकिक वाढला की त्याबरोबर त्याचे ओझेही येते. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राला भेट दिली, आणि ते व शरद पवार हे राजकीयदृष्ट्या विरोधी पक्षांतील दोन नेते शेतीच्या व्यासपीठावर एकत्र आल्यामुळे या भेटीची देशभर चर्चा झाली. दर जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनाने छापील फलकांऐवजी जमिनीत उभी पिके दाखवण्याची पद्धत रुजवली, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी शारदानगर हे वार्षिक भेटीचे ठिकाण बनले.

या प्रसिद्धीची दुसरी बाजूही इतिहासात नोंदवली पाहिजे. ट्रस्टची जडणघडण एका प्रभावी राजकीय कुटुंबाशी निगडित असल्यामुळे, आणि शरद पवार २००४ ते २०१४ या काळात केंद्रीय कृषिमंत्री असल्यामुळे, येथील यशाचे श्रेय शास्त्राऐवजी सत्तेच्या सान्निध्याला देणारा एक आक्षेप नेहमीच ऐकू येतो. पाणी, भांडवल आणि तज्ज्ञ यांची रेलचेल असलेल्या शिवारात जे पिकते ते सामान्य शेतकऱ्याच्या दोन एकरांत पिकेल काय, हा त्या आक्षेपामागील खरा प्रश्न असून तो रास्त आहे. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. प्रदर्शनातील पीक हे आदर्श परिस्थितीचे चित्र असते, तर शेतावरील चाचणी ही अपुऱ्या पाण्याची, उशिरा मिळालेल्या कर्जाची आणि मजुरांच्या टंचाईची परिस्थिती हिशेबात घेते. म्हणून संस्थेच्या नावाला आधार देणारी खरी नोंद प्रदर्शनाच्या गर्दीत नसून जिरायत गावांतील चाचण्यांच्या वह्यांत असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा ऊस

२०२४ पासून संस्थेचे नाव जगभर पोहोचले ते ऊसशेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगामुळे. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने राबवलेल्या या उपक्रमात उपग्रहाच्या प्रतिमा, शेतातील हवामान केंद्र आणि जमिनीतील ओलावा व अन्नद्रव्यांची स्थिती टिपणारे संवेदक यांची माहिती एकत्र केली जाते, संगणकीय प्रारूप तिचे विश्लेषण करते, आणि पाणी केव्हा व किती द्यावे, कोणते खत घालावे, कोणत्या भागात कीड येण्याची शक्यता आहे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने २०२५ ते २०२९ या कालावधीसाठी पाचशे कोटी रुपयांच्या प्रारंभिक तरतुदीसह ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले.

विस्ताराच्या इतिहासात हा क्षण जितका गौरवाचा, तितकाच जोखमीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सुमारे सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो, सुरू ऊस वर्षभराने, आणि त्यानंतर त्याच खुंटांतून खोडव्याचे पीक येते. त्यामुळे उसातील कोणत्याही तंत्राचा पूर्ण निष्कर्ष हाती येण्यास अनेक वर्षे लागतात, तर बातमीचे आयुष्य एका दिवसाचे असते. जागतिक कीर्ती आणि शास्त्रीय निष्कर्ष यांच्या वेगांत इतके अंतर पडले, की संस्थेच्या नावावर तिने न केलेले दावेही फिरू लागतात. उत्पादनवाढीचा किती वाटा संगणकीय सल्ल्याचा आणि किती वाटा त्याच भूखंडातील ठिबक, निरोगी रोपे, योग्य अंतर व पाचटाचे आच्छादन यांचा, हे वेगळे काढल्याशिवाय कोणताही एक आकडा पुरेसा अर्थ सांगू शकत नाही. त्यासाठी शेजारच्याच जमिनीवर, सर्व मशागत समान ठेवून आणि फक्त सल्ल्याचा स्रोत बदलून घेतलेले तुलनात्मक भूखंड आवश्यक असतात, आणि ही पद्धत कृषी विज्ञान केंद्राला त्याच्या स्थापनेपासून परिचित आहे.

या तंत्राने विस्तारसंस्थेपुढे एक पूर्णतः नवी जबाबदारीही आणली आहे. पूर्वी संस्था शेतकऱ्याला माहिती देत असे. आता शेतकऱ्याची माहिती, म्हणजे त्याच्या जमिनीची सुपीकता, पाण्याचा वापर आणि अपेक्षित उत्पन्न, संस्थेमार्फत इतरांच्या संगणकांपर्यंत जाते. उद्या कारखान्याची तोडणी, बँकेचे कर्ज किंवा विम्याचा हप्ता यांत तिचा वापर होऊ शकतो. भारताचा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असला, तरी ऊस उत्पादक सभासदाला कायद्याची कलमे समजावून सांगणारा माणूस त्याच्या विश्वासातलाच असावा लागतो. ही माहिती कोणाकडे, कोणत्या हेतूने आणि किती काळ राहील, हे मराठीतून लेखी सांगणे हे माती परीक्षणाचा अहवाल अचूक देण्याइतकेच विश्वासाचे काम आहे.

पुढील वाटचाल

माळेगाव बुद्रुक २०२१ मध्ये नगरपंचायत झाले. गावाच्या या नागरीकरणाबरोबर शेतीचे तुकडे लहान होत आहेत, तोडणीसाठी मजूर मिळेनासे झाले आहेत, आणि पुढची पिढी शेतीकडे उत्पन्नाच्या अनेक स्रोतांपैकी एक म्हणून पाहू लागली आहे. अशा शेतकऱ्याला पूर्वीच्या पिढीइतका वेळ प्रशिक्षणाला देता येत नाही, त्याच्या हातात असलेला मोबाइल मात्र त्याला दिवसभर खरे-खोटे सल्ले पुरवत असतो. सल्ल्याची टंचाई असताना संस्थेचे महत्त्व सल्ला देण्यात होते. सल्ल्याचा सुकाळ झाला असताना ते सल्ला पारखण्यात आहे, आणि या बदलाला सामोरे जाण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे चाचणीचे भूखंड, प्रयोगशाळा, रोपवाटिका आणि गावागावांतील जुनी ओळख, ट्रस्टकडे आधीपासून आहेत.

त्यांचा उपयोग मात्र एका अटीवर अवलंबून राहील. जे प्रयोग यशस्वी झाले त्यांच्याबरोबर जे फसले तेही, जमिनीचा प्रकार, पाण्याची उपलब्धता आणि एकरी खर्च यांच्या नोंदीसह, शेतकऱ्यांपुढे खुले झाले पाहिजेत. विशेषतः संवेदक आणि हवामान केंद्राचा खर्च लहान धारकाला एकट्याने परवडतो की तो गटाने किंवा कारखान्याच्या गटक्षेत्रानुसार वाटून घ्यावा लागतो, याचा हिशेब प्रसिद्ध झाला पाहिजे. पाझर तलावाच्या काळात गावकरी विहिरीत डोकावून संस्थेचा दावा तपासू शकत होते. संगणकीय प्रारूपाच्या आत मात्र सामान्य शेतकऱ्याला पाहता येत नाही, आणि म्हणून त्याच्या वतीने पाहण्याची व जे दिसले ते उणिवांसह सांगण्याची जबाबदारी संस्थेकडे येते. ती पार पाडली गेली, तर नव्याचा स्वीकार आणि नावाचे रक्षण ही दोन स्वतंत्र कामे उरत नाहीत, कारण जो सल्ला मर्यादा सांगून दिला जातो, तो फसला तरी शेतकरी त्याचे कारण विचारायला पुन्हा त्याच संस्थेच्या दारात येतो.